डायपरखालची कातडी: पुसणं, सुकवणं आणि मलमाचा पातळ थर

रुग्ण दवाखान्यातून घरी येतो, सोबत डायपरचं पाकीट येतं, आणि थोड्याच दिवसांत कोणीतरी म्हणतं, "मागे जरा लाल दिसतंय." मग एकाच दिवशी चार उपाय सुरू होतात. पुसायच्या पाण्यात अँटिसेप्टिकचे थेंब, पुसून झालं की पावडर, त्यावर खोबरेल तेल, आणि मेडिकलवाल्याने हातात ठेवलेली एखादी ट्यूब. दोन दिवसांनी लाली उतरण्याऐवजी जांघेपर्यंत पसरलेली असते आणि रुग्ण हात लावू देत नाही.

घरोघरी जाऊन अंथरुणावरच्या रुग्णांची शुश्रूषा करताना आम्हाला हे नेहमी दिसतं. त्यावरून बनलेलं मत आधीच सांगून टाकतो: लघवी-संडासाने जेवढी कातडी जाते, तेवढीच ती साफ करण्याच्या जोराने जाते. औषध बदलण्याआधी हात बदलावा लागतो. खाली जे लिहिलं आहे ते अर्धांगवायू, खुब्याचं हाड मोडणं किंवा डिमेन्शिया यांमुळे डायपरवर असलेल्या प्रौढ माणसाबद्दल आहे.

कातडी का सोलते हे कळलं की पुढचं बरंच आपोआप सुचतं. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच) साधारण ४ ते ६ च्या दरम्यान. लघवीतल्या युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात आणि हा सामू वर चढतो. सामू चढला की संडासात उरलेली पाचक विकरं (एन्झाइम्स) जोर धरतात. चरबी आणि प्रथिनं पचवणं हे त्यांचं आतड्यातलं काम. त्वचेवर बसली की ती त्वचेतलीच चरबी आणि प्रथिनं पचवायला घेतात. पातळ संडासात ही विकरं जास्त असतात. म्हणून नुसत्या लघवीने कातडी हळूहळू बिघडते, पण लघवी आणि जुलाब एकत्र असले तर काही तासांतही लाल होते. शिवाय सतत ओल असली की धुणं धुतल्यावर बोटं होतात तशी ती फुगून पांढरट, सुरकुतलेली होते. अशी कातडी चादरीवरून नुसती सरकली तरी फाटते. आणि आपण हातात घेतो ती अंगाची वडी तर मुळातच अल्कधर्मी, सामू ९-१० च्या घरातला. म्हणजे लघवीने बिघडवलेला सामू साबणाने आणखी वर. दिवसातून सहा वेळा साबण लावला तर त्वचेला मूळ पदावर यायला सवडच मिळत नाही.

लाली दिसली की पहिला प्रश्न: ही ओलीने आलेली की दाबाने? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. ओलीची लाली पसरट असते, कडा अस्पष्ट, आणि ती जिथे ओल साचते तिथे येते: कुल्ल्यांच्या फटीत, जांघेत, मांडीच्या आतल्या बाजूला, बायकांत योनीच्या ओठांवर, पुरुषांत अंडकोषाखाली. दोन्ही कुल्ल्यांवर समोरासमोर सारखीच छापल्यासारखी दिसली तर बहुधा ओलच. दाबाची जखम हाडावर येते: माकडहाड, खुबा, टाच. तिची कड ठळक असते. लाल भागावर बोट ठेवून दाबा आणि उचला. फिका न पडता तसाच लाल राहिला तर दाबाची शंका धरून डॉक्टरांना किंवा जखमेच्या नर्सला दाखवा. मध्ये काळा किंवा पिवळा, चिकट पदार्थ दिसला तर ती ओलीची जखम नव्हेच. माकडहाडाच्या ठिकाणी दोन्ही एकत्रही असतात, आणि तिथे भले भले गोंधळतात. अशा वेळी दोन्हींची काळजी एकदम घ्यायची: कूसही बदलायची आणि कोरडंही ठेवायचं.

आपल्याकडच्या सावळ्या वर्णावर लाली लालच दिसेल असं नाही. आजूबाजूपेक्षा गडद, जांभळट किंवा चकचकीत पट्टा दिसतो. उजेडात पाहा. ग्लोव्ह काढून हाताच्या पालथ्या बाजूने स्पर्श करा. जागा गरम, ताठ किंवा ओलसर लागते का ते कळतं. बोलता न येणारा रुग्ण कूस बदलताना कण्हतो किंवा मांड्या आवळून घेतो, तीही खूणच. वास आणि डाग यांवर लक्ष ठेवणारे पुष्कळ असतात. चेहऱ्याकडे पाहणारा घरात एखादाच निघतो.

आता डायपर बदलण्याची रीत. सगळं साहित्य आधी हाताशी घ्यावं, कारण अर्ध्यात रुग्णाला उघडं टाकून ट्यूब शोधत फिरणं हा गैरसोयीचा आणि अपमानाचा प्रकार आहे. नवा डायपर, एक अंडरपॅड, ग्लोव्हजचे दोन जोड, कोमट पाण्याचं भांडं, आठ-दहा मऊ सुती तुकडे, साबणविरहित लिक्विड क्लेन्झर, मलम, कचऱ्याची पिशवी. तुकडे जुन्या धोतराचे किंवा नऊवारीचे असले तर उत्तम. टर्किश टॉवेल नको, त्याचे फासे सोललेल्या जागी खरवडतात. तयार ओले वाइप्स वापरायचे तर अल्कोहोल आणि सुगंध नसलेले. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून पाहावं. गरम वाटलं तर ते रुग्णाला जास्तच गरम आहे.

दार लावा, वरून चादर असू द्या, आणि काय करतोय ते बोलून सांगा: "आई, आता कूस बदलतोय, या हाताने कठडा धरा." अर्धांगवायूच्या रुग्णाला वळवताना लुळा हात धरून ओढायचा नाही, खांदा निसटतो. लुळ्या बाजूचा गुडघा मोडा, एक हात कमरेमागे, एक खांद्यामागे, आणि अख्खं अंग एकदम चांगल्या बाजूकडे वळवा. दोन माणसं असली तर एकाने धरायचं, एकाने साफ करायचं. एकट्याने केलं तर घाई होते आणि घाईत घासलं जातं.

डायपरच्या चिकटपट्ट्या उघडल्या की त्या डायपरवरच परत दुमडून चिकटवा, नाहीतर त्या मांडीला ओरबाडतात. डायपरचा पुढचा, कोरडा राहिलेला भाग वापरून बराचसा संडास पुढून मागे उचलून घ्या, डायपर आत दुमडा आणि अंगाखाली सारा. मग ओल्या तुकड्याने पुसायला घ्या. दिशा कायम पुढून मागे. एका घडीने एकदाच पुसायचं, घडी उलटायची, दुसऱ्यांदा पुसायचं, तुकडा टाकायचा. एकच फडकं भांड्यात पिळून पुन्हा पुन्हा वापरलं की संडास सगळीकडे सारखा पसरतो एवढंच होतं. संडास झाला असेल तर तुकड्यावर रुपयाच्या नाण्याएवढं क्लेन्झर पुरतं, नुसती लघवी असेल तर दर खेपेला तेही लागत नाही. क्लेन्झर धुवून काढायचं की नाही ते बाटलीवर वाचा. दोन्ही प्रकार मिळतात.

बायकांत योनीचे ओठ हलक्या हाताने अलग करून आतल्या घड्या पुसाव्या लागतात, कारण तिथे राहिलेला संडास जळजळही करतो आणि लघवीचा जंतुसंसर्गही आणतो. पुरुषांत शिश्नाची पुढची कातडी जेवढी सहज मागे जाते तेवढीच मागे घ्या, पुसा, आणि आठवणीने पुन्हा पुढे आणा. हे शेवटचं विसरलं तर ती कातडी मागेच अडकून सूज येते आणि रात्री दवाखाना गाठावा लागतो. अंडकोष उचलून खालची घडी पाहा. पोट सुटलेल्या रुग्णात ओटीपोटाखालची घडीही.

वाळलेला संडास खरडायचा नाही. कोमट पाण्याने भिजवलेला तुकडा त्यावर दोन-तीन मिनिटं ठेवा, किंवा कापसावर लिक्विड पॅराफिन घेऊन हलकेच टिपा. तो सुटून येतो. खोबरेल तेलही या कामाला चालतं. अखंड, कोरड्या त्वचेला मऊ ठेवायलाही ते चांगलं आहे. पण संडास अडवून धरणारा थर म्हणून ते कमी पडतं, त्यामुळे "आम्ही तेल लावतो, मलम कशाला" हा हिशेब जमत नाही.

पुसून झालं की टिपायचं. कोरडा तुकडा ठेवायचा, दाबायचा, उचलायचा. घड्या बोटांनी अलग करून दोन-तीन मिनिटं पंख्याची हवा लागू द्यावी. हेअर ड्रायर नको; बधिर किंवा बोलू न शकणाऱ्या माणसाला चटका बसलेला कळत नाही. इथे ग्लोव्हज बदला. संडासाच्या ग्लोव्हजनी मलमाची ट्यूब धरली की पुढे ती ट्यूबच घाण वाहते. डबीतलं मलम असेल तर बोट बुडवण्याऐवजी चमच्याच्या दांड्याने काढा.

मलमाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. दुकानात तीन प्रकार मिळतात. पेट्रोलियम जेली स्वस्त, लघवीपासून बरी अडवणारी, पण डायपरला लागली तर त्याच्या वरच्या थराची छिद्रं बुजतात. लघवी आत शोषली जात नाही, बाजूने गळते आणि घरचे डायपरला नावं ठेवतात. झिंक ऑक्साइडचं मलम, बाळांच्या रॅशसाठी मिळतं तेच, पातळ संडासापासून सगळ्यात भक्कम अडवतं, मात्र ते पांढरं असल्याने खालची कातडी दिसत नाही. डायमेथिकोन असलेली क्रीम पातळ, पारदर्शक, डायपर फारशी न बुजवणारी. जुलाब मोठे असतील तर मात्र ती अपुरी पडते. आमची पसंती: नुसती लघवी आणि त्वचा अखंड असेल तर डायमेथिकोन, पातळ संडास सुरू असेल तर झिंक. कॅलामाइन लोशन या कामाचं नाही. ते वाळून पापुद्रे होतात आणि ओलीला अडवत नाही.

मात्रा म्हणाल तर तळहाताएवढ्या भागाला मटारच्या दाण्याएवढं. ठिपके ठेवून बोटाच्या पेराने केसांच्या दिशेने पसरायचं. जाड थापल्याने संरक्षण वाढत नाही. वरचा थर डायपरला जातो आणि पुढच्या वेळी तो काढायला घासावं लागतं. खरी चूक तिथेच होते. झिंकचा पांढरा थर प्रत्येक वेळी पूर्ण काढून टाकायचा नसतो. त्याच्यावर बसलेला संडास तेवढा हलक्या हाताने उचला, खालचा पांढरा थर राहू द्या, वर थोडं नवं लावा. दिवसातून एकदा, स्पंज बाथच्या वेळी, लिक्विड पॅराफिनने थर विरघळवून सगळी जागा उजेडात नीट पाहा. "स्वच्छ दिसेपर्यंत पुसा" ही सवय स्वयंपाकघरातल्या ओट्यासाठी ठीक; इथे तीच कातडी सोलते.

पावडर बंद. ओलीत तिच्या गुठळ्या होतात, त्या घडीत वाळूसारख्या घासतात आणि मलमावर पडली तर लगदा होतो. अँटिसेप्टिकचं पाणी, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, हे सगळं बंद. पूर्वी पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावायची पद्धत होती आणि अजून काही नर्सिंग ब्युरोंच्या मावशी ती प्रेमाने करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, शिकवलंच तसं गेलं होतं. पण लाल झालेल्या जागेवर चोळणं म्हणजे आधीच दुखावलेल्या भागाला आणखी दुखावणं, एवढं त्यांना शांतपणे सांगावं लागतं.

डायपर निवडताना वय किंवा वजन पाहण्यापेक्षा कुल्ल्यांचा सगळ्यात रुंद घेर मापपट्टीने मोजा आणि पाकिटावरच्या तक्त्याशी जुळवा. मोठा घेतला की जांघेतून गळतो, लहान घेतला की काचतो. पडून असलेल्या रुग्णाला चिकटपट्टीचा, चालणाऱ्याला पँटसारखा. लावल्यावर कमरेशी दोन बोटं जावीत. आतल्या बाजूच्या उभ्या झालरी बोट फिरवून बाहेर काढायच्या. त्या आत दुमडून राहिल्या तर जांघेत रेघ उठते आणि गळतीही होते. आत आणखी एक डायपर किंवा फडकं घालून "जास्त टिकवणं" हा तोट्याचा व्यवहार आहे. डायपरमधले शोषक कण लघवीचं जेल करून ती त्वचेपासून दूर ठेवतात. मध्ये ओलं फडकं आलं की हे काम थांबतं. दुसऱ्या डायपरचं बाहेरचं प्लास्टिक लघवी खालच्या डायपरपर्यंत जाऊच देत नाही.

संडास झाला की लगेच बदलायचं, यात तडजोड नाही. लघवीसाठी दर दोन तासांनी कूस बदलताना पाहायचं, डायपरवरच्या ओल दाखवणाऱ्या रेघेचा रंग बदलला किंवा डायपर जड लागला की बदलायचं. रात्री जास्त शोषणारा डायपर वापरून रुग्णाची आणि आपली झोप थोडी वाचवता येते, पण सोललेली कातडी असेल त्या काळात नाही. दिवसातून दोन-तीनदा डायपर पूर्ण काढून, कुशीवर, अंडरपॅडवर अर्धा तास ठेवलं तर त्वचा झपाट्याने सावरते. घरात येणं-जाणं असतं, संकोच वाटतो, म्हणून दुपारच्या जेवणानंतरची वेळ बरी. ज्याला थोडंफार कळतं आणि बसता येतं त्याला जेवणानंतर कमोड खुर्चीवर बसवून पाहा. त्या वेळी आतड्याची हालचाल वाढलेली असते आणि एखादा संडास डायपरबाहेर झाला तरी मोठं काम झालं. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसवू नये, बेडपॅनवर तर नाहीच.

एअर बेड घेतला असेल तर त्यावर एक चादर आणि एक अंडरपॅड, बस. खाली मेणकापड, वर गोधडी, वर चादर, वर दोन अंडरपॅड अशी चळत केली की एअर बेडचा उपयोग संपतो आणि घामाची ओल वाढते. डोक्याकडची बाजू उंच करण्याआधी गुडघ्यांकडची थोडी उचला, नाहीतर रुग्ण खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी आतून ताणली जाते. नाकातल्या नळीने अन्न देताना डोकं ३० ते ४५ अंश वर हवंच आणि नंतरही काही वेळ. घसरण्याची भीती त्या वेळी सगळ्यात जास्त.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, सुती तुकडे वाळत नाहीत. दमट तुकड्याने टिपणं म्हणजे पुन्हा ओलंच करणं. त्या चार महिन्यांत तुकड्यांना इस्त्री करा किंवा कोरडे डिस्पोजेबल वाइप्स घ्या. तुकडे धुताना धुण्याच्या पावडरचा अंश राहू नये म्हणून दोन-तीनदा स्वच्छ पाण्यातून काढा. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य टाळा.

जुलाब सुरू झाले तर मलमाच्या मागे लागण्याआधी कारण शोधा. नवीन अँटिबायोटिक सुरू झालं आहे का? रेचकाचा डोस जास्त होतोय का? मधुमेहाची गोळी बदलली का? नळीचं अन्न फार भराभर दिलं जातंय का, की सकाळी करून ठेवलेलं दुपारी देताय? आणि एक फसवा प्रकार: चार-पाच दिवस संडास नाही, पोट घट्ट, आणि मग एकदम थोडं थोडं पातळ पाणी झिरपायला लागतं. हे जुलाब नव्हेत. आत खडा अडकून त्याच्या कडेने पाणी येतंय. अशाला जुलाब थांबवणारी गोळी दिली तर खडा आणखी घट्ट होतो. डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय ती गोळी देऊच नये. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडण्याची प्रथा तर सर्रास आहे. त्याने लघवी दाट होऊन जास्त झोंबते आणि मलावरोध वाढतो. डॉक्टरांनी बंधन घातलेलं नसेल तर दिवसाला दीड लिटरच्या आसपास पाणी, ताक, सूप मिळून जायला हवं. कातडी भरायला प्रथिनं लागतात. वरणाचं पाणी देऊन ती मिळत नाहीत, घट्ट वरण, अंडं, दही, पनीर लागतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून.

बुरशीची ओळख ठेवा. लाल पट्ट्याच्या कडेपलीकडे सुटे लाल ठिपके किंवा बारीक पुटकुळ्या दिसल्या, खाज असली, घडीत पांढरा थर दिसला तर बहुधा कॅन्डिडा. मधुमेहात आणि अँटिबायोटिकनंतर हे जास्त. डॉक्टरांनी बुरशीचं निदान केलं की क्लोट्रिमाझोल १ टक्का किंवा तत्सम क्रीम दिवसातून दोनदा पातळ लावतात. क्रम महत्त्वाचा: आधी बुरशीचं क्रीम, ते जिरेपर्यंत काही मिनिटं थांबायचं, मग वर झिंक. उलट केलं तर औषध कातडीपर्यंत पोचतच नाही. ठिपके गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवायचं असतं. लाली गेली म्हणून तिसऱ्या दिवशी थांबवलं की ती परत येते.

इथे एक इशारा. मेडिकलमधून "सगळ्यावर चालते" म्हणून मिळणाऱ्या मिश्र ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी काही लिहिलं असेल तर त्यात स्टिरॉइड आहे. दोन दिवसांत लाली उतरते म्हणून ती लोकप्रिय. पण डायपरच्या बंद, दमट जागेत स्टिरॉइड जास्त शोषलं जातं, म्हाताऱ्या माणसाची पातळ कातडी आणखी पातळ होते आणि बुरशी दबून आत वाढते. चिठ्ठीशिवाय ती ट्यूब घरात नको.

कातडीचा वरचा थर गेला, जागा ओली झाली, पाझरायला लागली की नेहमीचं मलम चिकटतच नाही, घसरून जातं. त्यासाठी स्टोमाच्या (पोटावरच्या छिद्रातून पिशवीत संडास किंवा लघवी होणाऱ्या) रुग्णांसाठी मिळणारी पावडर उपयोगी पडते. ती टाल्कम नव्हे. ती ओल शोषून चिकट थर बनवते. टिपून घ्या, पावडर भुरभुरा, जादाची हलकेच झटका, वर अल्कोहोल नसलेला बॅरियर फिल्म स्प्रे (त्वचेवर पातळ संरक्षक पडदा धरणारा फवारा) मारा, अर्धा मिनिट सुकू द्या. असे दोन-तीन थर. कोरडी खपली धरल्यासारखं दिसतं आणि त्यावर झिंक चिकटतं. नुसता फिल्म वापरायचा तर तो उत्पादनाप्रमाणे एक ते तीन दिवस टिकतो, मात्र त्याच्या खाली किंवा वर तेलकट काही लावायचं नाही. ड्रेसिंग या भागात सहसा टिकत नाही. खाली संडास शिरतो, आणि चिकटपट्टी काढताना चांगली कातडीही निघून येते.

पुरुषांसाठी कंडोम कॅथेटर (शिश्नावर बाहेरून चढवायची, नळीने पिशवीला जोडलेली टोपी) हा लघवी बाजूला काढण्याचा बरा मार्ग. मापाची पट्टी पाकिटासोबत मिळते, तिने घेर मोजूनच घ्यावा. टोकाशी एक-दोन सेंटिमीटर जागा मोकळी, केस कातरलेले, त्या जागी मलम नाही, आणि दर २४ तासांनी बदल. निसटतो म्हणून वरून रबर किंवा साधी चिकटपट्टी गोल गुंडाळणं धोक्याचं, रक्तपुरवठा तुटतो. आतला कॅथेटर, म्हणजे मूत्राशयात घालायची नळी, केवळ डायपरचा त्रास नको म्हणून टाकून घेऊ नये, त्याने लघवीचा जंतुसंसर्ग वाढतो. जखम खोल असेल तेव्हा काही दिवसांसाठी डॉक्टर तो निर्णय घेतात.

दिवसाची आणि रात्रीची मावशी वेगळी असेल तर उशाशी एक वही हवी. वेळ, लघवी की संडास, घट्ट की पातळ, कातडी कशी, काय लावलं. कातडीचं वर्णन प्रत्येकाचं वेगळं असतं म्हणून घेंट विद्यापीठात तयार झालेली चार खणांची वर्गवारी सोपी पडते: लाली पण कातडी अखंड म्हणजे १, कातडी गेलेली म्हणजे २; संसर्गाची चिन्हं नसतील तर 'अ', असतील तर 'ब'. "आज २अ, काल १अ" एवढं वाचून सकाळची मावशी सावध होते, आणि डॉक्टरांना फोनवरही कळतं. घरच्यांची परवानगी घेऊन दोन दिवसांआड एक फोटो, त्याच उजेडात. रुग्णाचा चेहरा त्यात येऊ नये आणि तो फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ नये.

वापरलेला डायपर गुंडाळून, त्याच्याच पट्ट्यांनी बंद करून, कागदात बांधून कचऱ्यात वेगळा. घनकचरा नियमांत तो बांधून देण्याची जबाबदारी घरच्यांवर आहे. पुड्यावर लाल ठिपका काढला तर कचरा वेगळा करणाऱ्या ताईंचा हात त्यात जात नाही. संडास आधी शौचालयात झटकून टाका, डायपर मात्र तिथे टाकू नका, पाइप तुंबतो.

हे सगळं नीट सुरू झालं की दुखणं एक-दोन दिवसांत कमी व्हायला लागतं आणि कातडी एक-दोन आठवड्यांत भरते. तीन-चार दिवसांत काहीच फरक दिसला नाही तर निदान चुकतंय असं समजा आणि दाखवा. ताप, पू, कुजका वास, तासातासाला वाढणारी लाली असेल तर त्याच दिवशी. मधुमेही रुग्णाच्या जननेंद्रियाजवळ सूज येऊन रंग जांभळा-काळा पडत असेल किंवा दिसतं त्यापेक्षा वेदना फार जास्त असतील तर सकाळची वाट पाहू नका; ते ऑपरेशनचं काम असू शकतं.

भरलेली कातडी पुढचे काही आठवडे नाजूकच असते, गुलाबी किंवा फिकट डाग दिसतो आणि थोड्या ओलीने परत सुटते. त्यामुळे प्रत्येक संडासानंतर आणि लघवीसाठी दिवसातून दोनदा मलमाचा पातळ थर चालूच ठेवायचा. स्पंज बाथला वडीचा साबण हवाच असेल तर तो काखेला आणि पायांना लावा. कंबरेखाली तो पुन्हा आणू नये.